आधी रडून घेऊया

‘आधी रडून घेऊया, मग बोलूया,’ असं म्हणून ती बाई चष्मा काढायची. काड्या मिटून तो पदराच्या टोकात बांधायची, टोक कमरेला खोचायची, आणि मग असा काही हंबरडा फोडायची की आमच्या ऑफिसातला टाइपरायटर आपोआप थांबायचा. हे चालायचं दहा मिनिटं. मग गाठ सुटायची, चष्मा डोळ्यांवर चढायचा आणि आवाज एकदम जागेवर यायचा. ‘हां, आता बोला साहेब. पाइप किती इंची टाकताय?’

मी तेव्हा पाणीखात्याच्या एका ऑफिसात कारकून होतो. ऑफिस नेमकं कुठलं ते सांगत नाही. घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये कुठंतरी होतं एवढं पुरे. त्यातले काही लोक अजून पेन्शन घेतात, मीही घेतो.

तुम्ही ऐंशीच्या दशकात उपनगरात राहिला असाल तर असले मोर्चे तुम्हीही पाहिले असतील. रिकामे हंडे, पुढे चार बायका घोषणा देणाऱ्या, मागे चाळीस बायका गप्पा मारणाऱ्या. आमच्याकडे आठवड्याला एक तरी यायचाच. पण या बाईंचा मोर्चा निराळा. आमचा म्हातारा शिपाई खिडकीपाशी उभा राहून पाळत ठेवायचा आणि योग्य वेळी आत ओरडायचा, ‘चष्मा उतरला!’ त्याबरोबर आमचे साहेब मागच्या दाराने ‘साइटवर’ जायचे. ती साइट म्हणजे मागच्या गल्लीतलं इराण्याचं हॉटेल, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं, आणि पुढेपुढे बाईंनाही कळलं. मग त्या आधीच पाच बायका तिकडे पाठवून ठेवायच्या.

ऑफिसात त्यांना ‘चष्मेवाली’ म्हणत. टेकडीवर सगळे ‘काकी’ म्हणायचे, म्हणून मीही काकीच म्हणू लागलो. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, म्हणजे गिरणी होती तोवर होता. ती बंद पडल्यावर तो दारात बसून राहायचा आणि काकी साड्यांना फॉल लावून घर चालवायच्या. टेकडीवर त्यांची आळी सगळ्यात वरची, बहुतेक कोकणातली माणसं. मधल्या उतारावर बौद्धांची आळी, लहानसा विहार आणि त्याच्यावर निळा झेंडा. आणि पाण्याचा नळ पार खाली, रस्त्यालगत. मध्ये एकशे ऐंशी पायऱ्या. काकींचा उजवा गुडघा गेलेला होता. त्यांना पाणी वर हवं होतं, बस, बाकी काही नको होतं. पंचवीस वर्षं डोक्यावर हंडा घेऊन चढल्यावर माणसाला दुसरं काही सुचतही नसावं.

आमच्या ऑफिसात अर्जांचे दोन गठ्ठे असत. ज्या अर्जामागे मोर्चा येई तो वर, ज्याच्यामागे कोणी येत नसे तो खाली. शिपाई त्यांना ‘आवाजी’ आणि ‘बिनआवाजी’ म्हणायचा. बिनआवाजी गठ्ठ्याच्या तळाशी काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. काकींनी पहिल्याच फेरीत हे ओळखलं. ‘तुमच्याकडे कागद वाचत नाहीत, ऐकतात,’ त्या मला म्हणाल्या. ‘मग ऐकवूया की.’

त्यांचे वडील दशावतारात राणीचं काम करायचे. मिशी काढलेला, सहा फुटी माणूस. राजाने टाकल्यावर राणी असा विलाप करायची म्हणे, की पुढ्यातले पोक्त शेतकरी धोतराने डोळे पुसायचे. आणि राणी पडद्यामागे येऊन पहिलं काय करायची? विडी पेटवायची. ‘मी बघायचे ना, आतून,’ काकी सांगायच्या. ‘बाहेर लोक रडताहेत आणि माझा बापूस धूर सोडतोय. तेव्हाच कळलं मला. रडणारा वेगळा आणि रडवणारा वेगळा.’

मोर्चातली माणसं त्या निवडून घ्यायच्या. फॉल लावायच्या निमित्ताने दोन्ही आळ्यांतल्या बायका त्यांच्या दारात येत, तिथेच पारख व्हायची. चौदा जणींचा संच होता. चार रडणाऱ्या, सहा ओरडणाऱ्या, एक चक्कर येऊन पडणारी, एक तान्हं मूल घेतलेली, आणि काकी. मडकी फोडायची तर घरातली आधीच चिरलेली आणायची, असा नियम. ‘चांगली फोडायला आपण काय राजेबिजे आहोत?’

पहिल्या मोर्चात वाट लागली होती. चक्करवाली पडली ती नेमकी साहेबांच्या खुर्चीत, आणि वर पंखा चालू होता म्हणून तिला तिथे बरं वाटलं, उठेचना. तान्ह्याला चिमटा काढून रडवायचं ठरलं होतं, तर ते साहेबांचा टाय बघून खदाखदा हसायला लागलं. काकी दातओठ खात पुटपुटल्या, ‘मेल्या, घराकडे तर दिवसभर बोंबलत आसतस!’ ऑफिसात त्या शहरी मराठी बोलायच्या. मालवणी बाहेर पडली की समजावं, नाटक हातचं गेलं.

त्या दिवशी मोर्चा वाचवला तो चौदावीने. तिचं नाव शेवंताबाई. मधल्या आळीतली, कराडकडची, उंच, काळी, ताठ. तिचं काम एकच, गप्प बसायचं. सगळा गोंधळ चालू असताना ती साहेबांच्या केबिनसमोरच्या बाकावर बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत राग नाही, पाणी नाही, काही नाही. साहेबांनी फाइल उलटसुलट केली, घाम पुसला, शेवटी मला हळूच म्हणाले, ‘ती कोण रे? तिला म्हणावं, काहीतरी बोल.’ ती बोलली नाही. साहेबांनी पाइपलाइनच्या मोजणीचा हुकूम काढला.

‘ओरडणारीला साहेब पाणी देतो,’ काकींनी मला नंतर उलगडून सांगितलं, ‘पण घाबरतो गप्प बसणारीला. ओरडून झालं की राग संपला हे त्याला माहीत असतं. हिचा कुठे आहे तेच त्याला कळत नाही.’

‘आणि कुठे असतो?’ मी विचारलं.

‘ते मला पण नाही ठाऊक. मी कधी विचारलं नाही.’

मोजणीला फिटरबरोबर मीही वर गेलो. शेवंताबाईंच्या ओट्यावर दोघी बसल्या होत्या. काकींच्या मांडीवर शेवंताबाईंचीच जांभळी साडी, तिला फॉल लावणं चाललेलं. पुढ्यात एकाच ताटलीत दोघींचे पोहे. शेवंताबाईंच्या साडीला काकी तेव्हा मुद्दाम बारीक टाका घालायच्या, इतरांना घालायच्या त्यापेक्षा बारीक. एक फार बोलणारी आणि दुसरी मुळीच न बोलणारी, त्यामुळे त्यांचं उत्तम जमायचं. मी थट्टेत म्हटलं, ‘काकी, तुम्हाला खरं रडू कधी येतं की नाही?’ त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, ‘खरा रडूक वेळ खंय गावता?’ शेवंताबाई हसल्या. आवाज न करता.

असे वर्षभर मोर्चे झाले, तेव्हा पाइप आला. एक फाटा मधल्या आळीला, एक वरच्या. नारळ फुटले, पेढे वाटले. मधल्या आळीत धो धो पाणी. वरच्या आळीचा नळ सोडला तर फुस्स, नुसती हवा. पंप लहान होता. तेवढ्या उंचीवर पाणी ढकलणं त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. मी तसा शेरा लिहून फाइलीला जोडला, ‘पंप बदलावा’. फाइल गेली बिनआवाजी गठ्ठ्यात. मी पाठपुरावा केला नाही. करायला हवा होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

शेवंताबाई रोज सकाळी आपल्या नळाचे दोन हंडे वर नेऊन काकींच्या दारात ठेवायच्या. न बोलताच. तुम्हाला वाटेल, किती छान. मलाही वाटायचं. पण काकींचं काहीतरी बिघडत चाललं होतं. पाणी कोणालाच नव्हतं तेव्हा एकशे ऐंशी पायऱ्या त्या विनोद करत चढायच्या. आता शेजारणीला होतं आणि आपल्याला नव्हतं, आणि वर तिच्याच हातचं घ्यायचं. ‘रोज रोज थँक्यू म्हणायचं म्हणजे पण गुडघाच दुखतो हो,’ एकदा म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नव्हत्या, हे आता आठवतं.

याच सुमारास त्या भागात एक दादा उगवले. पांढरे बूट, सोन्याची साखळी, आणि निवडणूक कुठे आहे याचा कायम शोध. काकींचे मोर्चे त्यांनी पाहिले होते. एक दिवस त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. काकींनीच मला नंतर सगळं सांगितलं.

दादा म्हणाले, ‘काकी, तुमची बायकांची टीम झकास आहे. पण तुमचा राग चुकीच्या ठिकाणी चाललाय. लोकांना कधी पंपाचा राग आलेला बघितलाय का? रागाला माणूस लागतो.’

‘मग साहेब आहे की.’

‘साहेबाची बदली होते. राग टिकला पाहिजे. तुमच्या खाली बघा. पाणी तिथपर्यंत येतं आणि तिथेच मुरतं. ती लोकं खेचतात. आपली माणसं कोरडी.’

काकींनी पंपाचं माझ्याकडून ऐकलं होतं. पण मे महिना होता, गुडघा सुजला होता, आणि समोरचा माणूस त्यांच्याहून मोठा नाटकवाला होता. खरं सांगायचं तर त्यांना ती कारागिरी आवडली. तीनच शब्द, ‘ती लोकं खेचतात’, आणि वरच्या आळीत जो राग उसळला तसा त्यांना चौदा बायका घेऊन वर्षभरात उसळवता आला नव्हता. ज्या घरांनी कधी हंडा उचलला नव्हता ती घरंसुद्धा मोर्चाला तयार झाली.

या मोर्चाला दोनशे माणसं होती, निम्मे पुरुष, झेंडे, लाउडस्पीकर. मधल्या आळीच्या बायकांना बोलावलंच नव्हतं. शिपाई खिडकीतून ओरडला, ‘चष्मा उतरला!’ आणि तुम्हाला सांगतो, ती आरोळी ऐकूनही साहेब पहिल्यांदाच मागच्या दाराने गेले नाहीत. त्यांनी खुर्च्या मांडायला लावल्या. दादांना चहा मागवला. बाहेरच्या घोषणा त्यांनी शांतपणे ऐकल्या, कारण त्या पहिल्यांदाच त्यांच्याविरुद्ध नव्हत्या. ‘लोकभावना आहे,’ मला म्हणाले, ‘आपण कोण अडवणार?’ मधल्या आळीचा फाटा बंद करण्याचा कागद मीच टाइप करायला दिला. माझी फाइल, माझा शेरा, सगळं समोर होतं. मी गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्याला कोणी घाबरलं नाही.

काकी बाहेर पटांगणात पुढे होत्या. दहा मिनिटं त्यांनी जीव तोडून आकांत केला. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं दिसत नसे. समोर सगळं धूसर, आणि तसंच त्यांना बरं वाटायचं. मग नेहमीप्रमाणे पदराची गाठ सोडली, चष्मा लावला, ‘हां, आता बोला’ म्हणायला तोंड उघडलं.

ऑफिसच्या पायरीवर शेवंताबाई उभ्या होत्या. कमरेवर रिकामा हंडा. कधी आल्या होत्या कोण जाणे. सगळं ऐकलेलं होतं. त्या साहेबांच्या खिडकीकडे बघत नव्हत्या. काकींकडे बघत होत्या, तशाच, डोळ्यांत काही नसलेलं.

काकींचं वाक्य पुरं झालं नाही. लाउडस्पीकर दादांनी घेतला.

मधल्या आळीचा नळ तोडला. वरच्या आळीत पाणी आलं का? फुस्स. पंप होता तेवढाच होता. पण आता मधली आळीही कोरडी आहे हे बघून वरच्या आळीत काही जणांना समाधान वाटलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माणसांची तहान अशीही भागते, हे मला पाणीखात्यात राहूनही ठाऊक नव्हतं.

आठवड्याने काकी एकट्या आल्या. चष्मा डोळ्यांवर, हातात नीट लिहिलेला अर्ज: मधल्या आळीचा फाटा जोडावा, पंप बदलावा. हळू आवाजात साहेबांना म्हणाल्या, ‘चूक माझी होती. मी खोटं बोलले.’

साहेबांनी त्यांच्या मागे बघितलं, दाराकडे बघितलं. ‘बाई, मोर्चा कुठाय?’

‘नाही आणला.’

‘मग ठेवा तिथे.’ अर्ज बिनआवाजी गठ्ठ्यात.

काकींनी बायका जमवायचा प्रयत्न केला. तीच रडणारी, तीच ओरडणारी. कोणी यायला तयार होईना. ‘काकी, त्यांच्यासाठी आम्ही का बोंबलायचं?’ चक्करवालीसुद्धा नाही म्हणाली. दादांनी निरोप पाठवला की गप्प बसा, नाहीतर खोली खाली करावी लागेल. एवढा मोठा राग स्वतःच्या हाताने पेटवलेला, आणि तो आता त्यांचं ऐकत नव्हता.

मग एका सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा काकी केबिनसमोरच्या बाकावर बसलेल्या. शेवंताबाईंच्या जागी. चष्मा लावलेला. मी म्हटलं, ‘काकी, काय काम?’ शिपाई खिडकीतून आत वळून बघत राहिला. काय ओरडावं ते त्याला कळेना. त्या दिवसभर साहेबांकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशीही. फॉलचं काम आणलं नव्हतं, डबा नाही, बोलणं नाही. त्यांना गप्प बसणं किती जड जात होतं ते मला दिसत होतं. मधूनच ओठ हलायचे आणि त्या ते दातांखाली धरायच्या. गुडघा सुजून हंड्याएवढा झाला. साहेबांनी पडदा लावून घेतला. काकी पडद्याकडे बघत बसल्या.

नवव्या दिवशी मीच उठलो. बिनआवाजी गठ्ठा उपसला, काकींचा अर्ज काढला, त्याला माझा जुना शेरा टाचला आणि साहेबांच्या पुढ्यात सगळ्यात वर ठेवला. म्हटलं, ‘साहेब, पंपाचं मी तेव्हाच लिहिलं होतं. उद्या कोणी पेपरात दिलं तर तारीख आहे त्याच्यावर.’ नोकरीत मी केलेलं एवढंच शौर्य. साहेबांनी सही केली. ‘तिला सांग आता, बघू नकोस म्हणावं,’ म्हणाले.

महिन्याने नवा पंप बसला. दोन्ही आळ्यांत पाणी आलं. नारळ दादांनी फोडला, ते ओघानं आलंच.

दुसऱ्या दिवशी काकी ऑफिसात आल्या. बाकावर बसल्या आणि चष्मा काढला. शिपाई सवयीने ओरडणार होता, मी त्याला थांबवलं. हंबरडा नव्हता. आवाजच नव्हता. नुसते डोळे वाहत होते. पहिल्यांदाच मी त्यांना असं बघत होतो, आणि मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी थट्टा केली. ‘काकी, झालं की काम. चष्मा लावा, आता बोलूया.’

‘आज बोलूचा काय नाय रे,’ त्या म्हणाल्या. ‘आज नुसता रडूचा हा.’

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी घेतला, प्यायला नाही.

‘पाणी इला रे,’ म्हणाल्या. ‘ती नाय इली.’

काकी शेवंताबाईंच्या दारात तीनदा जाऊन आल्या होत्या. दार उघडं असायचं, शेवंताबाई बसाही म्हणायच्या, पण ओट्यावर नाही, आत, खुर्चीवर. पाहुणीला बसवतात तसं. जांभळ्या साडीचा उसवलेला फॉल काकींनी मोर्चाआधी पुन्हा लावायला घेतला होता, तो अर्धाच राहिला होता. काकींनी साडी मागितली तेव्हा ‘राहू द्या’ म्हणाल्या.

श्रावण लागायच्या आधी नवराबायको खोली विकून गावाला गेली. गुडघ्याला पायऱ्या नकोत असं कारण सांगितलं. माझा निरोप घ्यायला काकी आल्या नाहीत. पुढे पत्र नाही, काही नाही.

गणपतीच्या सुमाराची गोष्ट. दुपारी शेवंताबाई ऑफिसच्या दारात उभ्या. अंगावर जांभळी साडी, चालताना खालची कड एका बाजूला दुमडत होती. इतक्या दिवसांत मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. जाड, खालच्या पट्टीतला निघाला.

‘काकी गावाला गेली म्हणं. परत यायची न्हाई?’

‘नाही बहुतेक.’

त्यांनी बाकाकडे बोट केलं. ‘नऊ दिस हितंच बसायची न्हवं ती?’

‘हो.’

‘काय काम आहे का बाई?’ शिपायाने विचारलं.

‘काम न्हाई. बसते जरा.’

आणि त्या बसल्या. बाक लांबलचक होता, अख्खा मोकळा होता. त्या पार कडेला सरकून बसल्या, शेजारी एका माणसाची जागा ठेवून.